डोळे मिचकावा

परळला, इस्पितळाच्या मागच्या गेटाबाहेर
माझं टेबल आहे, दीड बाय तीन.
कंगवे, टूथब्रश, सेफ्टी पिना, प्लास्टिकचे मग,
आजाऱ्याला घेऊन धावत सुटलेला माणूस
घरी जे जे विसरतो, ते सगळं.

एकोणीस वर्षं मी नोटा बोटांनी वाचल्या.
मग नोटा आखडल्या.
दहा, वीस, पन्नास :
जावाजावा एकमेकींची लुगडी नेसून आल्यासारख्या.
वीसची हातात ठेवून कुणी पन्नास म्हणालं
की मीही पन्नासच म्हणायचो.
दुसरं काय म्हणणार?

भाची म्हणाली, मामा, डबा घे. तो बोलतो.

खातं उघडायला बँकेचा पोरगा आला,
फोन माझ्या तोंडासमोर धरला.
फोन म्हणाला, डोळे मिचकावा.
मी मिचकावले.
फोन म्हणाला, कृपया डोळे मिचकावा.
जन्मात कुणाला डोळा मारला नव्हता,
त्या दिवशी फोनला मारला, अकरा वेळा.
पोरगा घामाघूम. म्हणाला, काका,
तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध होत नाहीये.
म्हटलं, चिमटा काढून बघ.

शेवटी खातं भाचीच्या नावावर.
गिऱ्हाईक विचारतं,
"इथे हेमांगी दत्ताराम खवणेकर येतंय, बरोबर ना?"
बरोबर, म्हणतो.
दिवसातून चाळीस वेळा मी हेमांगी होतो.

पण डबा बोलतो, हे खरं.
तीस रुपये प्राप्त झाले.
बारा रुपये प्राप्त झाले.
बारा रुपयांनाही ती बाई
लाखाला द्यावा तेवढाच मान देते.
सुट्ट्यांसाठी चहावाल्याचे पाय धरणं संपलं.
रात्री हेमांगी हिशेब वाचते तेव्हा
मला पहिल्यांदाच कळतं, मी किती कमावतो.
(तिलाही कळतं. तपकीर कमी करा, म्हणते.)

सर्व्हर झोपतो त्या दुपारी
सगळेच माझ्यासारखे होतात,
हातात फोन धरून चाचपडत.
त्यांच्यासाठी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे :
शंभराच्या आतल्या उधारीला शर्टाचं बटण,
वरच्याला कोटाचं.
कुठलं बटण कुणाचं, ते माझ्या बोटांना विचारा.

परवा मंगळवारी एकानं थर्मास घेतला.
कोड मारला वाटतं, थोडा थांबला.
"साडेचारशे रुपये प्राप्त झाले."
तीच बाई. तेच शुद्ध बोलणं.

पण माझा तळवा डब्यावर होता.
डबा बोलतो तेव्हा आतून गुरगुरतो,
मांडीवरच्या मांजरासारखा.
या वेळी मांजर निपचित होतं
आणि बाई बोलली होती
माणसाच्या छातीच्या उंचीवरून.

म्हटलं, भाऊ, डबा बोलला नाही.
तुमचा खिसा बोलला.

बराच वेळ फक्त रस्ता ऐकू आला.
मग तो म्हणाला, आई चौथ्या मजल्यावर आहे.
रात्री तिला गरम पाणी लागतं.
खात्यात काही नाही.

हा आवाज थरथरत होता.
पण त्याच्यावर तळवा कुठे ठेवायचा?
आधीचाही ऐकायला खराच होता.

न्या, म्हटलं.
पत्र्याच्या डब्यात कोटाचं बटण टाकलं,
नाव न विचारता.
शेजारचा किल्लीवाला दिवसभर हसत होता.

आज संध्याकाळी टेबल आवरताना,
समोर कुणी नाही, पावलं नाहीत, घामाचा वास नाही,
डबा एकटाच गुरगुरला :
दोनशे रुपये प्राप्त झाले.

हेमांगीला फोन लावला. कुणाचे गं?
म्हणाली, मामा, नावाच्या जागी नुसता एक नंबर आहे.

त्याचे असतील.
मग मारुन तसा कुणी विसरलेलाही असेल, आता आठवलेला.
अडीचशे कुठून तरी अजून यायचेत, किंवा नाही यायचेत.

मी पत्र्याचा डबा उघडला,
कोटाचं बटण बाहेर काढलं.
बटण अर्धं कसं करतात?
तसंच परत आत टाकलं.